हाजीरजामीन आणि मालजामीन

काही वर्षांपूर्वी एका ऊसतोड मजुरासाठी मी जामीन राहिलो. तो मराठवाड्यातला, मी सोमेश्वरनगरचा. न्यायालयात मी कोण, हे कुणी विचारले नाही. माझा सातबारा मात्र दोनदा उलटून पाहिला. 'स्थानिक जामीनदार आणा' एवढ्या एका वाक्यापायी तो माणूस तेवीस दिवस आत होता. त्या दिवसापासून मी या शब्दाच्या मागे लागलो.

जुन्या मराठी कागदपत्रांत दोन शब्द भेटतात, हाजीरजामीन आणि मालजामीन. पहिला माणूस वेळेवर हजर करण्याची हमी घेई, दुसरा पैशाची. आजच्या जामिनात हे दोन्ही मिसळून गेलेले दिसतात. खरा प्रश्न हजेरीचा, पण मोजमाप मालाचे.

२७ जुलै १८९७ रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. जामीन आधी दंडाधिकाऱ्यांनी आणि मग उच्च न्यायालयानेही नाकारला. अखेर ४ ऑगस्टला न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी तो मंजूर केला. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, हा त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न होता. रक्कम मात्र जबर होती. स्वतः टिळकांचा ५०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी २५,००० चे दोन जामीनदार. तेव्हा टिळकांच्या वतीने बोलणारे वकील होते दिनशा दावर. पुढे १९०८ साली टिळकांवर पुन्हा खटला झाला तेव्हा हेच दावर न्यायासनावर होते. बॅरिस्टर जीनांनी जामीन मागितला. कारणांची चर्चा करणे इष्ट नाही, असे सांगून दावरांनी तो नाकारला.

टिळकांना जामीनदार मिळाले. मोतीराम या मध्य प्रदेशातल्या गवंड्याला १०,००० चा जामीनदार मागितला गेला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला गेला. १९७८ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी ती अट खोडून त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. अमेरिकेतही हा पैशाचा प्रश्न आहेच. तिथल्या इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन बंदच केला. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते, की फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कैदेत काढला असेल, तर त्याला मुचलक्यावर सोडावे.

तो मजूर पुढे प्रत्येक तारखेला हजर राहिला. त्याच्या नावे गुंठाभरही जमीन नव्हती.