ब्रॅडफर्डचा गर्द आणि विचारणारे

१९८०च्या दशकात मुंबईत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरला, त्याच सुमारास इंग्लंडच्या उत्तरेतल्या शहरांतही तो पोचला. १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं तेव्हा मी लग्न होऊन त्यांतल्याच ब्रॅडफर्डला आलेली होते. पुढे हिंदी-उर्दूच्या जोरावर दुभाष्याचं काम मिळालं आणि मीरपुरी घरांत जाणंयेणं सुरू झालं.

ही माणसं आझाद काश्मीरमधली. १९६०च्या दशकात मंगला धरणाखाली गावं गेली आणि आधीच इथे आलेल्या भाऊबंदांच्या आधाराने आणखी हजारो जण ब्रॅडफर्डच्या कापडगिरण्यांत रात्रपाळीला लागले. मुलं मोठी होईतो गिरण्याच बंद पडल्या. परळ-लालबाग पाहिलेल्याला पुढचं सांगायला नको.

तरी व्यसनांवरच्या सरकारी कागदांत ही मुलं फारशी दिसत नव्हती. एड्सच्या भीतीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात इथली व्यसनसेवा सुया बदलून देण्याभोवती उभी राहिली. आमची पोरं सुई घेतच नसत. चांदीच्या कागदावर गर्द जाळून धूर ओढत. मग सुयांच्या खिडकीवर ती येणार कशाला? शिवाय वंश कोणता, हा प्रश्न खुद्द जनगणनेनेच पहिल्यांदा विचारला तो १९९१ साली. १९९४च्या ब्रिटिश क्राइम सर्व्हेत आशियाई लोकांमधलं नशेचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी निघालं. आकडा खोटा होता असं मी म्हणत नाही, पण देशाच्या सरासरीत ब्रॅडफर्डमधल्या मॅनिंगहॅमची एखादी गल्ली दिसत नसते. ‘आशियाई कुटुंबं घट्ट असतात, धर्म त्यांना सांभाळतो’ असं साहेब म्हणत आणि मशिदीतली वडीलधारी मंडळी खूश होऊन मान डोलवत. दोघांचीही सोय होती.

एका घरातली आई मला आठवते. स्वयंपाकघरातला फॉइलचा रोल आठवड्यात कसा संपतो, हे तिला कळेना. पराठे तर ती फडक्यात बांधायची. कळलं तेव्हा उपाय ठरलेला होता : पोराला मीरपूरला धाडायचं, लग्न लावायचं. अनेक घरांनी हेच केलं. तिकडे गर्द इथल्यापेक्षा स्वस्त, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

चित्र बदललं ते कमलेश पटेल यांच्यासारख्यांमुळे. केनियातून आलेल्या गुजराती घरातले, ब्रॅडफर्डमध्येच वाढलेले हे समाजसेवक. जेफ्री पिअर्सन या समाजशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी १९९८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. दवाखान्यात वाट बघत न बसता रस्त्यावर, पोरांच्या अड्ड्यांवर गेलं की आशियाई व्यसनी भेटतात, हे त्यात पुराव्यानिशी आलं. २००० साली आरोग्य खात्याच्या पैशावर सेंट्रल लँकशायर विद्यापीठात पटेलांनी मोठा घाट घातला : त्या त्या समाजातल्याच लोकांना शिकवायचं आणि आपल्या माणसांना काय हवंय ते त्यांनीच विचारून लिहायचं. पुढच्या काही वर्षांत देशभर शंभराहून जास्त गटांनी असं काम केलं. सोमाली गटांनी खात या पानांच्या नशेबद्दल लिहिलं, कुणी बायकांच्या व्यसनाबद्दल.

मला ही पद्धत मनापासून पटते. फक्त तिचं जरा जास्तच कौतुक होतं. आपल्याच माणसाने विचारलं की आपली माणसं बोलतात, हे अर्धंच खरं. मी पाहिलेली पोरं आपल्या बिरादरीतल्या माणसाला सगळ्यात जास्त घाबरत. आज याच्याशी बोललो तर जुम्म्याला अब्बांच्या कानावर जाईल, ही धास्ती. माझ्याशी बोलत, कारण मी रंगाने त्यांच्यातली असले तरी नात्यागोत्यातली नव्हते. एकाने तर आधी खात्री करून घेतली : ‘आंटी, आपका यहाँ कोई रिश्तेदार तो नहीं?’ गुप्ततेची ही भीती पुढे त्या गटांच्या अहवालांतही पुन्हा पुन्हा आली.

आता आपल्या मराठी माणसांकडे बघू. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, आणि आता ब्रिटनभर आपली मंडळं आहेत. पण आपल्या मराठी पोरांना नशेबद्दलचे हे प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. मंडळांच्या कार्यकारिणीला एवढीच विनंती : यंदाच्या गणपतीत एक तास पोरांसाठी ठेवा, बोलायला गावाबाहेरचा माणूस बोलवा, आणि त्या खोलीत आईवडिलांना बसवू नका.