हायब्रीड, मालदांडी आणि आजी

आमच्याकडे 'हायब्रीड' ही जवळजवळ शिवीच. कुणी जरा उन्हात दमला की आजी म्हणायची, "हायब्रीडच्या भाकरीवर वाढलाय!" परवा मोहोळकडे हुरड्याला गेलो, तर मामांनी तेच वाक्य माझ्या मुलाला ऐकवलं.

ज्वारीच्या फुलात तीन परागकोश असतात आणि स्त्रीकेसरही तिथेच. बहुतेक पराग घरच्या घरीच पडतात. संकर करायचा तर आधी नराची बाजू बंद करायला हवी, आणि एवढाली फुलं चिमट्याने कोण सोलणार? १९५४ साली अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी पराग न देणारी ज्वारी तयार करून दाखवली. हा दोष पेशीद्रव्यातला, म्हणजे आईकडूनच उतरणारा. त्याच्याच जोरावर १९६४ साली आपल्याकडे सीएसएच-१ हे पहिलं हायब्रीड आलं.

ते खरिपातलं. रब्बीत सोलापूरकरांनी मालदांडी सोडली नाही. मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात गावरान ज्वारीतून निवडलेली ही एम ३५-१. (हा 'एम' मोहोळचा, यावर मामा पैज लावतात.)

गंमत पुढेच आहे. संशोधकांनी असं नरवंध्य पेशीद्रव्य आणखी कुठे मिळतं ते शोधलं, तेव्हा एक चक्क मालदांडीत निघालं! त्याला 'ए-४ मालदांडी' म्हणतात. मालदांडीला स्वतःला काही होत नाही, तिच्या केंद्रकातली जनुकं दोष झाकतात. दुसऱ्या ज्वारीचं केंद्रक त्यात आणलं की तो उघडा पडतो. तेव्हाही परागकोश चांगले भरलेले दिसतात, पराग मात्र सुटत नाहीत. भले भले फसतात म्हणे. म्हणजे आजी जिला शुद्ध समजायची, तिच्याच पोटात हायब्रीडचं साधन होतं.

आणखी एक. प्राण्यांचा शुक्रजंतू पोहतो. परागकणातल्या दोन नरपेशींना पोहता येत नाही, परागनलिका त्यांना पोचवते. एकीपासून अंकुर होतो, दुसरीपासून दाण्यातला पिठाचा भाग. हे १८९८ साली नवाशिनने लिलीच्या फुलात पाहिलं. आपली भाकरी त्या दुसरीची!

आजी दरवर्षी निवडक कणसं बियाण्याला ठेवायची. हायब्रीडचं तसं जमत नाही, पुढच्या वर्षी पीक एकसारखं येत नाही. २००३च्या दुष्काळात आम्ही ते बियाणंही दळून खाल्लं. मामा आता पिशवीतली मालदांडी आणून पेरतात. हुरडा झकास होता. आजीच्या ज्वारीसारखा होता का, हे मी विचारलं नाही.