अस्त्र क्षेपणास्त्राचा सीकर

‘अस्त्र’ हे हवेतून हवेत मारा करणारे, नजरेच्या पल्ल्यापलीकडील लक्ष्य वेधणारे भारतीय क्षेपणास्त्र. त्याचा पल्ला शंभर किलोमीटरहून अधिक आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी तेजस विमानाने गोव्याच्या किनाऱ्यालगत सुमारे २०,००० फूट उंचीवरून ते यशस्वीपणे डागले.

अमेरिकेच्या ‘स्पॅरो’सारख्या जुन्या क्षेपणास्त्रांत रडार प्रक्षेपक नसे. वैमानिकाला आपल्या रडारचा झोत शेवटपर्यंत लक्ष्यावर रोखून धरावा लागे. परावर्तित लहरींच्या मागाने क्षेपणास्त्र जाई. तोवर विमानाला पाठ फिरवता येत नसे, आणि धोका तिथेच होता. ‘अस्त्र’ बहुतेक अंतर जडत्वीय दिशादर्शन व विमानाकडून मिळणाऱ्या माहितीच्या आधारे कापते. लक्ष्य जवळ येताच त्याच्या नाकातील छोटे रडार, म्हणजेच सीकर, स्वतः शोध घेऊ लागते. विमान मोकळे होते.

खरी कसोटी या सीकरचीच. आरंभी तो रशियाकडून घ्यावा लागला. तो परका असेपर्यंत क्षेपणास्त्राला पूर्ण स्वदेशी म्हणणे धाडसाचे होते. ३१ मे २०२२ रोजी हवाई दल व नौदलासाठी भारत डायनॅमिक्सशी २,९७१ कोटी रुपयांचा करार झाला. बेळगावजवळील सांबरा येथे पहिले धडे गिरवणाऱ्या वायुसैनिकांपैकी काहींच्या हाती पुढे अशाच शस्त्रांची देखभाल येते. स्वदेशी सीकर बसवलेल्या ‘अस्त्र’ची चाचणी ११ जुलै २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यालगत सुखोई विमानावरून झाली.