मेमरी कार्ड केवळ-वाचन होणे (लिनक्स)

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला जोडलेल्या मेमरी कार्डातील फाइली उघडतात, पण नवी फाइल ठेवता येत नाही व जुनी पुसता येत नाही, अशी अवस्था. पुष्कळदा हा माहिती वाचवण्यासाठी घातलेला अडसर असतो. तो खिटीने, फाइल प्रणालीने की खुद्द कार्डाने घातला, यावर उपाय ठरतो.

खिटी : पॅनासॉनिक, सॅनडिस्क व तोशिबा यांनी १९९९ मध्ये आणलेल्या एसडी कार्डाच्या कडेला सरकती खिटी असते. कार्डातील मंडलाशी तिचा संबंध नसतो; तिची जागा कार्ड रीडर तपासतो. त्यामुळे खिटी सैल झाली किंवा रीडरचा स्विच अडकला, तर धडधाकट कार्डही कुलूपबंद दिसते. मायक्रोएसडीला खिटी नसते; ती अडॅप्टरला असते. रीडर व अडॅप्टर बदलून पाहिल्यास शंका फिटते.

फाइल प्रणाली : एसडीएचसी कार्डावर (३२ जीबीपर्यंत) सहसा फॅट३२, तर त्याहून मोठ्या एसडीएक्ससीवर एक्सफॅट असते. उदाहरणार्थ, पालीच्या (ता. सुधागड, जि. रायगड) बल्लाळेश्वराच्या माघी उत्सवाची छायाचित्रे संगणकावर उतरवताना कार्ड अनमाउंट (प्रणालीपासून रीतसर विलग) न करता घाईने उपसले, तर नोंदी अर्धवट राहू शकतात. पुढे अशी विसंगती आढळताच कर्नल (लिनक्सचा गाभा) लेखन थांबवते.

निदान : ‘डीमेसेज’ (dmesg) आज्ञेने कर्नलचे संदेश दिसतात. ‘राइट प्रोटेक्ट इज ऑन’ असल्यास खिटी, रीडर किंवा कार्ड तपासावे. ‘फाइलसिस्टम हॅज बीन सेट रीड-ओन्ली’ हा फाइल प्रणालीतील दोष. ‘आय/ओ एरर’ वारंवार आल्यास कार्ड किंवा रीडर खराब असण्याचा संभव असतो. ‘परमिशन डिनाइड’ हा मात्र मालकी-परवानगीचा प्रश्न आहे.

उपाय : आधी प्रत, मग दुरुस्ती. कार्ड कुरकुरत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण प्रतिमा घ्यावी, त्यानंतर अनमाउंट करून त्या-त्या प्रणालीचा ‘एफएससीके’ चालवावा. विसंगती असताना बळेच ‘रीमाउंट’ करून लेखन सुरू केल्यास नुकसान वाढते.

झिजलेले कार्ड : फ्लॅश स्मृतीच्या पेशी ठरावीक वेळाच लिहिता येतात. राखीव पेशीही संपल्या की काही कार्डांचा नियंत्रक लेखन कायमचे बंद करतो. फॉरमॅट यशस्वी झाल्याचे दिसूनही कार्ड पुन्हा घालताच जुन्या फाइली परत दिसणे, ही त्याची खूण. तेव्हा प्रत काढून घेऊन कार्ड बाद करावे.