काळ्या मातीवरचा खडीचा रस्ता

शेतावरचा रस्ता खचला की दोष ट्रॉलीच्या वजनाला दिला जातो. पण तीच भरलेली ट्रॉली मे महिन्यात त्याच जागेवरून सहज जाते आणि जुलैत आसापर्यंत रुतते. वजन तेच, फरक मातीतल्या पाण्याचा. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत घरापर्यंत टिकाऊ रस्ता करायचा असेल, तर खडीचा भाव विचारण्याआधी पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे पाहावे.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, माती फुगते. उन्हाळ्यात आटते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. मातीची भारक्षमता ‘सीबीआर’ या कसोटीने मोजतात. प्रमाणित खडीची क्षमता 100 धरली, तर भिजलेल्या काळ्या मातीची बहुधा 2 ते 4 भरते. अशा पायावर वरून कितीही दगड ओतला तरी तो खाली जात राहतो.

सर्वांत घातक चूक इथेच होते. जेसीबीने दीड फूट माती काढायची आणि त्या खड्ड्यात दगड भरायचे, अशी पद्धत गावोगाव दिसते. दोन्ही बाजूंना पाणी न सोडणारी काळी माती आणि मध्ये फटी राहिलेले दगड, म्हणजे आपण लांबट हौदच बांधला. पावसाचे पाणी त्यात साठते आणि पाया महिनोन्‌महिने भिजत राहतो. वरची पिकाची भुसभुशीत, मुळ्यांची माती तेवढी काढावी आणि रस्ता शेताच्या पातळीपेक्षा निदान फूटभर उचलावा. दोन्ही बाजूंचे चर दगडी थराच्या तळापेक्षा खोल हवेत आणि त्यांना नाल्यापर्यंत उतार हवा. ज्या चराचे पाणी पुढे कुठेच जात नाही, तो रस्त्याचे नुकसानच करतो. पाणी रस्ता ओलांडते तिथे सिमेंटच्या पाइपांची मोरी टाकावी. पाइपावर दीड-दोन फूट भराव असावा. उसाचा पाट रस्त्याला चिकटून नेऊ नये, कारण त्याची ओल ऐन उन्हाळ्यातही पाया मऊ ठेवते.

दुसरा शत्रू चिखल. काळ्या मातीवर थेट डबराचे सोलिंग केले, तर चाकाच्या दाबाने दगड खाली रुततात आणि त्यांच्या फटींतून चिखल वर येतो. दोहोंमध्ये चांगल्या, कमी चिकट मुरुमाचा सहा इंचांचा दाबलेला थर हवा. फारच दलदल असेल तर जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे. तो खर्च वाया जात नाही.

खडीचे कोन महत्त्वाचे. नदीतले गुळगुळीत गोटे चाकाखाली घरंगळतात. फोडलेल्या बेसाल्टच्या कडा एकमेकींत अडकतात. स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमने 1816 पासून ब्रिस्टलच्या रस्त्यांवर हेच तत्त्व राबवले. त्याचे म्हणणे होते की भार शेवटी खालची जमीनच उचलते, म्हणून तिला कोरडे ठेवणे हे रस्त्याचे मुख्य काम. आपल्याकडचे पाणीबंद खडीकरण त्याच परंपरेतले. खडी पसरून आधी कोरडी दबाई, मग फटींत चुरी, मग पाणी मारत पुन्हा दबाई आणि शेवटी बंधनापुरता मुरूम. रोलर नेहमी कडेकडून मध्याकडे न्यावा. मुरूम जाड थरात ओतून एकदाच दाबला तर वरचा भागच घट्ट होतो. म्हणून सैल थर आठ इंचांपेक्षा जास्त नको आणि तो दमट हवा. त्यामुळे हे काम विहिरीला पाणी असेपर्यंत, जानेवारी-फेब्रुवारीत उरकावे.

हिशेब सोपा आहे. 300 फूट लांब, 10 फूट रुंद रस्त्यावर तीन इंच दाबलेल्या खडीचे 750 घनफूट, म्हणजे साडेसात ब्रास होतात. दाबल्यावर खडी बसते, म्हणून सैल मापाने सुमारे दहा ब्रास मागवावी. मुरूम गौण खनिज आहे. उत्खननाची परवानगी आणि स्वामित्वधनाचे कागद आधी पाहावेत.

पृष्ठाला साधारण 4 टक्के उतार द्यावा. दहा फुटी रस्त्यात मध्य कडेपेक्षा सुमारे अडीच इंच उंच राहतो. दिसायला तो जास्त वाटतो, गवंडीही हरकत घेतो. पण सपाट खडीरस्त्यावर पाणी थांबते आणि तिथूनच खड्डा सुरू होतो. पहिल्या पावसाळ्यानंतर चाकोऱ्या दिसतील. त्यांत सैल मुरूम टाकून भागवू नये. पृष्ठ खरवडून, ओले करून, उतार पुन्हा साधून दाबावे. चरातला गाळ दर वर्षी मृगाआधी काढावा.

पैसा कमी पडत असेल तर वरची खडी पुढच्या वर्षावर ढकला. चर, मोरी आणि मुरुमाचा उंचवटा मात्र पहिल्याच वर्षी पुरा करा.