चार पंखांची माशी

आमगावच्या बाजारात पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी चिलटं आपण सर्वांनी पाहिलेली असतात. प्रयोगशाळेतली फळमाशी ती हीच. तिच्या छातीचे तीन खंड. मधल्यावर पंखांची जोडी, तर तिसऱ्यावर उडताना तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक गुंड्या.

१९१५ साली अमेरिकेत कॅल्विन ब्रिजेस यांना एक वेगळी माशी दिसली. तिच्या गुंड्या काहीशा पंखांसारख्या होत्या. एडवर्ड लुईस यांनी अशी उत्परिवर्तनं एकत्र आणून पूर्ण चार पंखांची माशी मिळवली आणि १९७८ मध्ये त्यामागचा विचार मांडला. शरीराचे खंड पाडणारी जनुकं नुसलाइन-फोल्हार्ड आणि विशाउस यांनी शोधली (१९८०). या तिघांना १९९५ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

चार पंखांच्या माशीला पंखाचं नवं जनुक मिळालं होतं का? नाही. 'अल्ट्राबायथोरॅक्स' हे जनुक तिसऱ्या खंडात पंखाला आवर घालतं. तिथे ते निकामी झालं, की तो खंड दुसऱ्यासारखा वाढतो.

मग चार पंखांच्या मधमाशीत हे जनुक नसेल? असतं! पुण्याच्या आयसरमधील एल. एस. शशिधरा यांच्या गटाने २०१६ मध्ये वेगवेगळ्या कीटकांची तुलना केली. हुकूम देणारं जनुक तेच, त्याच्या हुकमाखालची बरीच जनुकंही तीच. पण त्यांचं नियंत्रण निराळं.

म्हणून उत्परिवर्तन शिकवताना 'नवं काय आलं?' याआधी आम्ही विचारतो, 'कोणता आवर सुटला?'