कर्णा, फीत आणि घरची खोली

आपल्या संगीताच्या इतिहासात गायकांची, घराण्यांची आणि राजाश्रयाची हकीकत विस्ताराने येते. ज्या यंत्रांनी ते गाणे टिपून ठेवले त्यांच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः मागच्या पिढ्यांतील कोणाचा आवाज आज आपल्या कानी पडतो आणि कोणाचा कायमचा विरून गेला, हे पुष्कळदा ह्या यंत्रांनीच ठरविले आहे. आता ती यंत्रे घरोघर येण्याइतकी लहान व स्वस्त झाली आहेत. देवळातील आरत्या, भजने किंवा घरच्या वडीलधाऱ्यांची गाणी मुद्रित करून ठेवावी, अशी इच्छा अनेक तरुणांच्या मनात असते. परंतु कोणते साहित्य घ्यावे, ह्या पहिल्याच प्रश्नापाशी ते अडतात. त्याचे उत्तर दुकानातील यादीपेक्षा ह्या साधनांच्या इतिहासात अधिक नीट सापडते.

एडिसनने १८७७ साली कथलाच्या पातळ पत्र्यावर मनुष्याचा आवाज उमटविला आणि एमिल बर्लिनरने १८८७ साली ग्रामोफोनचे पेटंट घेतले. पुढे बर्लिनरच्या चपट्या तबकडीने जग जिंकले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास आले, तेव्हा त्या शहरात ध्वनिमुद्रणासाठी बांधलेली वास्तू नव्हती. एका हॉटेलातील खोलीत त्यांनी आपला संसार मांडला. त्याच नोव्हेंबरात गौहरजान ह्यांनी तेथे गाणी गायिली. गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारण्याची त्यांची लकब प्रसिद्धच आहे. मुद्रित झालेल्या मेणाच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर शहरी जात व तेथून छापून परत येत. इतक्या दूरच्या कारागिरांना हे गाणे कोणाचे, हे कळण्यास तो उच्चार उपयोगी पडे.

ह्या पद्धतीत विजेचा संबंध नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालावे तसे गावे, त्या आवाजाच्या आघाताने पडदा थरथरावा आणि त्याला जोडलेल्या सुईने मेणावर रेघ कोरावी, एवढीच तिची यंत्रणा. आवाज लहानमोठा करण्याची कळच नव्हती. म्हणून गायक कर्ण्याशी, सारंगी त्याच्या मागे आणि जोरकस वाद्य दूर, अशी मांडणी करावी लागे. वेळ जेमतेम तीन मिनिटांचा. विलंबित ख्याल, तानपुऱ्याचा झंकार, स्वरांमधील हळुवार मींड ह्यांना त्या कर्ण्यात थारा नव्हता. तरीही जे साधले ते माणसे कोठे बसवावी आणि किती अंतरावर बसवावी, ह्या ज्ञानाच्या बळावर साधले.

जे साधले नाही त्याचीही नोंद ठेवली पाहिजे. बडोदे संस्थानात जन्मलेले आणि बडोद्यातच फैज महंमदखाँ ह्यांच्यापाशी शिकलेले भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. बालगंधर्वांचे व मास्टर कृष्णरावांचे हे गुरू. परंतु त्यांचा आवाज आज आपल्याला उपलब्ध नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. त्यांनीही आपले गाणे तबकडीवर येऊ दिले नाही. त्यांच्या शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर, ह्यांनी थोड्याच तबकड्या दिल्या. त्यांपैकी भैरवीतील एक, सुमारे साडेतीन मिनिटांची, १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर घेण्यात आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाईंनी देह ठेवला. पहिले व्हॉयेजर २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडून गेले. शिष्येचा स्वर ताऱ्यांच्या प्रदेशात पोहोचला आणि गुरूचा स्वर मात्र कोल्हापूर-मुंबईच्या श्रोत्यांच्या स्मरणाबरोबर लोपला. मुद्रण असणे आणि नसणे ह्यांतील अंतर ह्याहून स्पष्ट कोणते असेल?

विजेवर चालणारा मायक्रोफोन १९२५ साली तबकड्यांच्या धंद्यात आला आणि गायकाची ओरडण्यापासून सुटका झाली. १९३५ च्या सुमारास निघालेल्या अब्दुल करीमखाँ ह्यांच्या तबकड्या ऐकाव्या. त्यांचा नाजूक, कातर स्वर कर्ण्याच्या काळात इतका निसटता टिपता आला नसता. त्याच १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात चुंबकीय फितीचे यंत्र लोकांसमोर आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकेत गेले आणि तेथील गिटारवादक लेस पॉल ह्यांनी त्याचा निराळाच उपयोग केला. हॉलिवुडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी आधी तबकड्यांवर व मग फितीवर स्वतःच्याच वादनाचे थर एकावर एक चढविले. पुढे पत्नी मेरी फोर्ड ह्यांच्यासह त्यांनी घरीच मुद्रित केलेली गाणी १९५०च्या आगेमागे देशभर गाजली. फितीवरील ह्या पद्धतीत एखादा थर चुकला की आधीचे सर्व श्रम वाया जात. म्हणून प्रत्येक थर पाठ केल्यावाचून ते यंत्र सुरू करीत नसत. घरच्या ध्वनिमुद्रणशाळेचा आरंभ असा कडक शिस्तीत झाला आहे.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली. भारतात तिचा खरा प्रसार १९८०च्या दशकात झाला, आणि भक्तिगीतांच्या कॅसेटी देवळांभोवतालच्या दुकानांतून मिळू लागल्या. जपानी टीॲक कंपनीने १९७९ साली साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्टे मुद्रित करणारे यंत्र काढले. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्यांनी १९८२ च्या जानेवारीत तसे एक यंत्र आणि शुअर कंपनीचे दोन साधे मायक्रोफोन घेऊन आपल्या शयनगृहात काही गाणी कच्ची म्हणून मुद्रित केली. नंतर पूर्ण वाद्यवृंदासह ती पुन्हा करून पाहिली, परंतु पहिल्याचा प्रभाव साधेना. अखेर ती कच्ची गाणीच प्रसिद्ध झाली. १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या विद्युत्-वाद्यांना परस्परांशी जोडणारी ‘मिडी’ ही सर्वसंमत पद्धती आली, आणि पुढील दोन दशकांत संपूर्ण ध्वनिमुद्रणशाळा संगणकात सामावली. ‘ऑडॅसिटी’ हा २००० साली निघालेला कार्यक्रम तर विनामूल्य मिळतो.

ह्या इतिहासाचा बोध असा की यंत्रांनी आपली बंधने एकेक करून काढली, परंतु खोली, अंतर आणि तयारी ह्या तीन गोष्टी गैसबर्गच्या वेळी होत्या तितक्याच आजही निर्णायक आहेत. नवशिक्याने खर्चाचा क्रम त्याच धोरणाने लावावा. प्रथम खोली पाहावी. उघड्या भिंती व फरशी असलेल्या खोलीत आवाज घुमतो, आणि तो घुमारा मागाहून कोणत्याही यंत्राने नीट निघत नाही. जाड पडदे, गोधड्या, गाद्या व भरलेली पुस्तकांची कपाटे ही त्यावरची स्वस्त औषधे होत. पंखा बंद करावा.

मग मायक्रोफोन. त्याचे दोन मुख्य प्रकार. ‘कंडेन्सर’ जातीचा अतिशय संवेदनशील असतो. त्यास बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि तो गाण्याबरोबर रस्त्यावरची मोटार व अंगणातला कावळाही इमानाने टिपतो. ‘डायनॅमिक’ जातीचा दणकट, जोरदार आवाज सोसणारा व जवळचेच ऐकणारा असतो. शांत खोलीत एकट्या गायकासाठी पहिला उत्तम. परंतु घुमट, शामेळ आणि कासाळे ह्यांच्या गजरातील गोव्याची आरती मुद्रित करावयाची असेल, किंवा घर रहदारीच्या रस्त्यावर असेल, तर दुसराच घ्यावा. त्यानंतर मायक्रोफोन संगणकास जोडणारा, दोन जागा असलेला लहानसा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे एका जागी कंठ व दुसऱ्या जागी पेटी किंवा पखवाज स्वतंत्र घेता येईल. कान पूर्ण झाकणारा हेडफोन. आणि न डगमगणारा स्टँड. संगणक घरात असेल तोच चालेल. कळांचा पट, मोठे ध्वनिवर्धक, महागडे कार्यक्रम ह्यांची पहिल्या वर्षी गरज नाही.

मुद्रण २४ बिटांत करावे आणि पातळी कमाल मर्यादेच्या बरीच खाली ठेवावी. आरतीचा गजर अकस्मात चढतो, आणि एकदा फाटलेला आवाज सांधता येत नाही. मायक्रोफोन एकच असेल तर कर्ण्याच्या काळची युक्ती वापरावी: मुख्य गायक जवळ, साथीचे कंठ मागे, घुमट त्याहून दूर. दोनतीन जागा बदलून प्रत्येक वेळी मिनिटभराचे मुद्रण ऐकावे. जेथे शब्द स्पष्ट व ताल भरीव ऐकू येईल ती जागा खडूने आखून ठेवावी.

देवळात मुद्रण करावयाचे असेल तर देवस्थान समितीची व गाणाऱ्यांची संमती आधी घ्यावी. प्रत्येक मुद्रणाच्या शेवटी गाणाऱ्याचे नाव, गाव, देवस्थान आणि दिनांक स्पष्ट उच्चारून घ्यावा, आणि त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्या. नाव नसलेला आवाज पन्नास वर्षांनी कोणाचाच उरत नाही.

आपल्या प्रत्येक देवळात आरतीची जुनी चाल अचूक जाणणारी एखाददुसरी वृद्ध व्यक्ती असते. भास्करबुवांच्या काळी साधने थोड्यांच्या हाती होती, म्हणून तो स्वर गेला असे आपण म्हणू शकतो. आज साधने आपल्या घरात आहेत. ती सबब आता आपल्याला उरलेली नाही. पुढचा उत्सव येण्यापूर्वी त्या व्यक्तीला एका शांत खोलीत बसवून गाण्याची विनंती करावी.